बंद कॉम्प्युटरमधला रिमाइंडर

२००७च्या जूनमध्ये सुट्टीवरून सौदीतल्या खफजीला परतलो, टेबलावरचा वाळूचा थर फडक्यानं पुसला आणि कॉम्प्युटर चालू केला. आउटलुक उघडताच टिंग वाजलं आणि रिमाइंडरची चौकट पुढ्यात आली. एका फिटरच्या इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, मुदत. शेजारी लिहिलं होतं, दोन आठवडे ओव्हरड्यू.

नोंद माझीच होती. पंधरा दिवस आधी आठवण कर, असंही मीच सांगून ठेवलं होतं. पण मी चिपळूणला आणि कॉम्प्युटर बंद. ते वर्ष अधिक ज्येष्ठाचं. लग्नाला दोन वर्षं झालेली, सासऱ्यांचा हट्ट की धोंड्याच्या महिन्यात जावई घरी आलाच पाहिजे. मी अनारसे खात होतो तेव्हा इकडे तारीख येऊन गेली. आठवण करून द्यायला कॉम्प्युटरला माझ्याशिवाय दुसरं कुणी माहीतच नव्हतं.

फिटर दापोलीकडचा. त्याच्या धाकट्या बहिणीचा निकाह जूनमध्ये ठरलेला. आमच्याकडे धोंड्यात लग्नं बंद, पण त्यांच्या निकाहाला धोंडा आडवा येत नाही. त्यानं चार महिने आधी सुट्टी मागून ठेवली होती, दम्मामहून मुंबईचं तिकीट काढलं होतं, बहिणीसाठी सोन्याच्या बांगड्या घेतल्या होत्या. निघायच्या आठवड्यात कंपनीचा सरकारी कामांचा माणूस, मंदूब, एक्झिट-रीएंट्रीचे कागद घेऊन पासपोर्ट कचेरीत गेला आणि तसाच परत आला. राहण्याचा परवाना संपलेल्या माणसाला जाऊन परत यायचा शिक्का मिळत नाही. मेडिकल, दंड, नवा इकामा, मग शिक्का. फिटर घरी पोचला तेव्हा निकाहाला तीन दिवस होऊन गेले होते.

परतल्यावर मला मेसमध्ये भेटला. मी तोंड चुकवत होतो, तोच आला. "जाऊ दे दादा, तुमचा काय दोष नाय. तुम्ही हितं नव्हतात ना." त्यानं माझी समजूत घालायला म्हटलं, पण पुढे कितीतरी दिवस तेच वाक्य मला टोचत राहिलं. मी नव्हतो, हाच तर दोष होता.

खफजी म्हणजे सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरचं शेवटचं गाव. पुढे थोड्या अंतरावर चौकी, पलीकडे कुवेत. दम्माम तीनशे किलोमीटर, त्या मानानं कुवेत शहर निम्म्यावर, पण मध्ये सरहद्द. १९९१च्या जानेवारीअखेर इराकी फौजा या गावात घुसल्या आणि दोन-तीन दिवसांच्या लढाईनंतर त्यांना बाहेर काढलं, म्हणून जगाला हे नाव माहीत. आमच्यासारख्यांना माहीत ते तेलामुळे. इथल्या समुद्रात १९६०मध्ये एका जपानी कंपनीला तेल लागलं. तिचा सौदीकडचा करार २०००मध्ये संपला, कुवेतकडचा २००३मध्ये, आणि मग सौदी व कुवेत यांच्या सरकारी कंपन्या मिळून ते क्षेत्र चालवू लागल्या. कधीकाळी हा टापू दोघांच्या सामाईक ताब्यातला होता. पुढे जमीन वाटून घेतली, पण तेल निम्मं-निम्मं राहिलं. भाऊ वेगळे झाले तरी विहीर सामाईक ठेवावी, तसं.

मी तिथे एका छोट्या कंत्राटदाराकडे डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. पंप, व्हॉल्व, पाइपलाइनच्या दुरुस्तीची कामं. ड्रॉइंग आलं की शिक्का मार, नोंद कर, कुणाकडे गेलं लिही, परत आलं का बघ. जुन्या ड्रॉइंगांच्या कोपऱ्यात अजून जपानी कंपनीचं नाव असायचं. साइटवर दीडेकशे माणसं आणि ऑफिस म्हणजे सहा पोर्टा केबिन जोडून केलेलं एक लांबट खोकं. त्यात सात कॉम्प्युटर, एक स्विच, आणि छताला चिकटपट्टीनं डकवलेली निळी वायर. नेटवर्क नेटवर्क म्हणतात ते आमच्याकडे एवढंच. त्याचा उपयोग मुख्यतः एकच प्रिंटर सगळ्यांना मिळावा म्हणून.

फोन नंबर मात्र एकाकडेच. सेक्रेटरी त्रिशूरचा, पन्नाशीचा, पंचवीस वर्षं आखातात काढलेला. सगळे त्याला चेट्टा म्हणत, साहेबसुद्धा. त्याच्याकडे हिरव्या रेक्झिनची डायरी होती. क्रेनवाला कोण, रात्री अकराला डिझेल कोण देतो, गेट पासच्या खिडकीवर कोण बसतो, कुवेतच्या बाजूचा कुठला इंजिनियर सही लवकर करतो, सगळं त्या डायरीत. नंबर मागितला की तो डायरी उघडायचा, पान तळहातानं झाकायचा आणि नंबर तोंडी सांगायचा. डायरी कुणाच्या हातात द्यायची नाही. संध्याकाळी ड्रॉवरला कुलूप.

मला सुरुवातीला हे कोतेपणाचं वाटायचं. नंतर कळलं, ती डायरी म्हणजे त्याची शेतजमीन होती. त्याच्यापेक्षा भराभर टाइप करणारी, कमी पगारात येणारी पोरं दर महिन्याला मुंबई-कोचीच्या एजंटांकडे रांगेत उभी होती. त्याला ठेवायचं एकच कारण होतं आणि ते कुलपात होतं. त्याला कुठल्या तोंडानं हसू? माझ्याकडेही इकाम्यांच्या तारखा माझ्याच कॉम्प्युटरवर होत्या, आणि दर शनिवारी मंदूबला त्या आठवड्याची चिठ्ठी काढून द्यायची हे माझंच काम होतं. मला ते आवडायचंही. मंदूब दारात येऊन माझ्या टेबलाशी थांबायचा.

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. इकामा, व्हिसा, गाड्यांचे कागद. आमचा म्हातारा येमेनी होता, त्याला आम्ही अम्मो म्हणायचो, काका. तो आम्हा सगळ्यांना सदीक म्हणायचा, मित्रा. कॉम्प्युटरला त्यानं कधी हात लावला नाही.

पत्त्यांची वही सगळ्यांची एक करावी हा प्रयत्न आम्ही २००६मध्ये एकदा करून पाहिला होता. तेव्हा मेल म्हणजे ज्याची त्याची पेटी. आउटलुक आपलं सगळं सामान, मेल, पत्ते, कॅलेंडर, पीएसटी नावाच्या एका फाइलीत ठेवतं. मी म्हटलं, अशी एक फाइल कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर शेअर करू, सगळे तिथूनच उघडतील. चेट्टानं नाराजीनं का होईना, दोनशे नंबर दिले. बाकीचे डायरीतच ठेवले हे मला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी मी उघडली, उघडली. शेजारच्या टाइमकीपरनं उघडली तर फाइल वापरात आहे असा निरोप. मी बंद केली, त्याची उघडली. पीएसटी एका वेळी एकाच्याच हाती राहते आणि ती नेटवर्कवर ठेवून वापरू नका, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते, हे आम्हाला नंतर कळलं. चेट्टाला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. ऑफिस सातचं, तो साडेसहाला येऊ लागला. येऊन पहिलं काम, फाइल उघडायची. मग दिवसभर ती त्याची. नंबर हवा असेल तर पुन्हा त्याच्याच टेबलाशी जायचं. डायरीचं कुलूप आता विजेवर चालू लागलं एवढाच फरक.

तीन आठवड्यांनी जनरेटर बदलताना वीज गेली आणि फाइल फाटली. दुरुस्तीचं एक छोटं टूल असतं, ते रात्रभर चालवलं. सकाळी फाइल उघडली, पण कित्येक नावं एका कप्प्यात नि नंबर भलत्याच कप्प्यात. चेट्टा काही बोलला नाही. ड्रॉवर उघडला, डायरी टेबलावर ठेवली, चहा मागवला.

फिटरच्या प्रकरणानंतर साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे आमचे मुदीर, मॅनेजर, लेबनॉनचे, मोजकं बोलणारे. म्हणाले, तू सुट्टीवर गेलास तर कंपनीनं सुट्टीवर जायचं का? मग दम्मामहून एक पोरगा आला आणि स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ बसवून गेला. त्यात एक्स्चेंज येतं. म्हणजे मेल, पत्ते, कॅलेंडर कुणा एकाच्या कॉम्प्युटरवर राहत नाहीत, सर्व्हरवर राहतात, आणि पब्लिक फोल्डर म्हणून एक जागा असते ती सगळ्यांची. सातही जण एकाच वेळी उघडू शकतात, कुणी कुणाला अडवत नाही.

तंत्राचा भाग दोन दिवसांत संपला. माणसांचा भाग महिनाभर चालला. पब्लिक फोल्डरवर कुणाला किती अधिकार ते ठरवावं लागतं. नुसतं वाचणारा तो रिव्ह्यूअर, स्वतःचं लिहिणारा ऑथर, दुसऱ्याचंही बदलणारा एडिटर, आणि सगळ्यात वर ओनर. दम्मामचा पोरगा सहज म्हणाला, ओनर तुम्हीच व्हा. माझ्या डोळ्यांपुढे हिरवी डायरी आली. मी म्हटलं, पत्त्यांचा ओनर चेट्टा, बाकी सगळे रिव्ह्यूअर, मीसुद्धा.

चेट्टानं स्क्रीनवर आपल्या नावापुढचा शब्द वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. कफीलाच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाच्या, नावाशिवाय ज्या देशात आमचं पानही हलत नव्हतं, तिथे कुणी त्याला ओनर लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी डायरी ड्रॉवरमधून निघाली आणि तो एकेक पान टाइप करायला बसला. मी मदत करू म्हटलं तर नको. रमजानात साइटचं काम दुपारी लवकर आटपायचं, तेव्हा तो एकटा बसून बडवत असायचा.

साडेसहाशेच्या वर नोंदी झाल्या, आणि मग कळलं की नावं लावायची कशी हाच मोठा घोळ आहे. दोनशेहून जास्त माणसं एकट्या ए अक्षराखाली, कारण आडनाव अल पासून सुरू. अल काढून लावावं तर अरबी माणसं नाव सांगताना आधी अलच सांगतात. मोहम्मद चार प्रकारांनी लिहिलेला, त्यामुळे एकच माणूस चार जागी. मल्याळी मंडळींत कित्येकांना आडनावच नाही, के. पी. किंवा टी. एम. हीच त्यांची ओळख. आपल्या माणसांची वेगळीच तऱ्हा. अरबीत प नाही, म्हणून इकाम्यावर पाटीलचा बातील होतो. च नाही, म्हणून चव्हाणचं काय होईल ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. पासपोर्टवर एक, इकाम्यावर दुसरा, गेट पासवर तिसरा. शेवटी चेट्टानंच तोड काढली. नाव काही असो, कंपनी आणि काम आधी लिहायचं. क्रेन, मग नाव. डिझेल, मग नाव. व्याकरणाला धरून नव्हतं, पण रात्री अकराला डिझेल हवं असतं तेव्हा माणूस डिझेलच शोधतो. आणि प्रत्येक नोंदीखाली शेऱ्याची जागा असते, तिथे त्यानं डायरीच्या समासातलं सगळं उतरवलं. 'दुपारी फोन नको, झोपतात.' 'आधी मुलांची चौकशी करावी.' 'उधार मागू नये.'

ऑक्टोबर २००८मध्ये कुवेतचे सगळे नंबर सात आकडी होते ते आठ आकडी झाले. लँडलाइनच्या आधी २, मोबाइलला कंपनीप्रमाणे ९ नाहीतर ६. कुवेतची दीडशे माणसं आमच्या यादीत होती. चेट्टा शनिवारी सकाळी बसला, जेवणाआधी उठला, आणि सातही टेबलांवर नवे नंबर. त्या दिवशी त्यानं सगळ्यांना समोसे खाऊ घातले. त्याच्या पंचवीस वर्षांतला हा पहिलाच समोसा, असं टाइमकीपर म्हणाला.

कॅलेंडरचं त्रांगडं निराळं. आधी वार घ्या. सौदीत तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार, ती २०१३च्या जूनअखेर शुक्रवार-शनिवार झाली. कुवेतनं मात्र २००७च्या सप्टेंबरातच शनिवार धरला. म्हणजे कागदावर पाहिलं तर दोन्ही भावांचे कामाचे सामाईक दिवस चारच, रविवार ते बुधवार. आमच्या मुंबईच्या एजंटाला आणि युरोपातल्या पंपवाल्यांना रविवारी सुट्टी. सगळे एकदम टेबलावर सापडायचे ते सोमवार, मंगळवार, बुधवार. आम्ही कंत्राटदार, आम्हाला एकटा शुक्रवार. नवं कॅलेंडर उघडून आधी हे रंग भरले तेव्हा आठवड्याची गोधडी झाली.

मग वेळ. "असरनंतर ये," असं अम्मो म्हणणार. असरची नमाज सूर्याप्रमाणे सरकते, कॅलेंडरच्या चौकटी अर्ध्या तासाच्या. माझी आजी दिवेलागणीला ये म्हणायची तेव्हा घड्याळ कुणी काढत नसे, पण आउटलुकमध्ये दिवेलागण टाकता येत नाही. मी तीन वाजता लिहायचो, माणसं आपापल्या असरला यायची.

सामाईक कॅलेंडरनं एक गंमतही केली. कोण मोकळं, कोण कामात, हे साहेबांना टेबलावरून दिसू लागलं. दोन आठवड्यांत सगळे अतोनात कामात दिसायला लागले. टाइमकीपरनं रोज दहा ते अकरा 'रिव्ह्यू' लिहून ठेवलं. कसला, ते कुणालाच कळलं नाही. साहेबांनी एकदा विचारलं, मला बोलाव ना रिव्ह्यूला. दुसऱ्या दिवशीपासून रिव्ह्यू गेला.

पण ज्यासाठी हा खटाटोप होता, त्या इकाम्यांच्या तारखा. त्या हिजरी. चांद्र वर्ष तीनशे चोपन्न-पंचावन्न दिवसांचं. आपलंही पंचांग चांद्रच, पण आपण दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ते सूर्याच्या जवळ आणून ठेवतो. हिजरीत अधिक महिना नाही. ज्या धोंड्याच्या अनारशांपायी मी चिपळूणला बसलो होतो, तो धोंडा तिकडे नसतो म्हणूनच ईद दर वर्षी अकरा-एक दिवस अलीकडे येते. दोन वर्षांच्या इकाम्याला ही गफलत बावीस दिवसांची. जुन्या यादीतल्या कित्येक तारखा माझ्या आधीच्या माणसानं इंग्रजी तारखेत दोन वर्षं मिळवून लिहिल्या होत्या. फिटरची चुकली ती मी नव्हतो म्हणून. या तर मी टेबलावर हजर असतानाही चुकल्या असत्या.

अम्मोला शेजारी बसवून आम्ही दीडशे तारखा तपासल्या. तो इकाम्याच्या पुस्तकातून अरबी तारीख वाचायचा, मी टाइप करायचो. आउटलुकला हिजरी तारीख शेजारी दाखवता येते, ती चालू केली. चौथ्या की पाचव्या नोंदीलाच तो म्हणाला, "सदीक, गलत." मला वाटलं हिंदी बोलतोय, पण गलत हा मूळचा त्यांचाच शब्द. स्क्रीनवरचा आजचा दिवस त्याच्या खिशातल्या कॅलेंडरपेक्षा एकानं पुढे होता. सौदी सरकार उम्म अल-कुरा कॅलेंडर मानायचं, आमचा कॉम्प्युटर एका ठरीव गणितानं हिजरी तारीख काढायचा. त्या गणिताला कुवेती अल्गोरिदम म्हणतात, हे मी कुठेसं वाचलं होतं. अम्मोला सांगितलं, कॉम्प्युटर कुवेतचा हिशेब लावतो. तो इतका हसला की चेट्टा उठून आला. "माफी मुश्किल," अम्मो म्हणाला, काही अडचण नाही. माफी म्हणजे नाही, हे कळायला मला पहिल्या वर्षी बराच वेळ लागला होता. मला वाटायचं, जो तो माफी मागतोय.

एक-दोन दिवस पुढेमागे करायची सोय विंडोजमध्ये असते, ती करून पाहिली. एका महिन्यात जमायचं, दुसऱ्यात पुन्हा चुकायचं. शेवटी ठरलं, प्रत्येक नोंदीत इकाम्यावरची हिजरी तारीख अक्षरात लिहायची आणि रिमाइंडर मुदतीच्या पंचेचाळीस दिवस आधीचा लावायचा, तोही तिघांच्या नावावर. एक सुट्टीवर, दुसरा आजारी, तरी तिसरा टिंग ऐकेल. त्यानंतर मी असेपर्यंत एकाही इकाम्याची तारीख चुकली नाही. फिटरचा इकामा पुढच्या वेळी मुदतीच्या महिनाभर आधी हातात आला. तो म्हणाला, आता घरी लग्नच नाय कुणाचं.

अम्मोसाठी शनिवारची चिठ्ठी चालूच राहिली. सर्व्हर, पब्लिक फोल्डर, परमिशन या सगळ्यांतून फिरून ती शेवटी एका पानावर छापली जायची. डावीकडे इंग्रजी तारीख, उजवीकडे हिजरी, मध्ये नाव. एकदा शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, शेवटच्या आठवड्यात त्यानं चिठ्ठी हातात घेतली, खालवर पाहिली आणि माझ्या टेबलावरचं बॉलपेन उचललं. खाली रमजानचा पहिला दिवस छापून आला होता. त्याभोवती त्यानं गोल काढला आणि बाजूला अरबीत बारीक काहीतरी लिहिलं.

"काय झालं, अम्मो? तारीख चुकली?"

त्यानं खिडकीकडे बोट केलं. बाहेर वाळू उडत होती, वर आभाळ पांढुरकं. चंद्र दिसला तर, असं त्याला म्हणायचं होतं. मग चिठ्ठीची चौघडी करून थोबच्या खिशात घातली, बॉलपेनही त्याच खिशात गेलं, आणि असरची वेळ झाली म्हणून तो निघून गेला.